‘अपॉर्च्युनिटी’ आणि आपली फुरसत

‘अपॉर्च्युनिटी’ हा इंग्रजी शब्द आता आपल्या घराघरात पोहोचला आहे. शिक्षण असो की नोकरी, तो रोज कानावर पडतो. पण त्याच्या पोटात एक समुद्र दडला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

हा शब्द मूळ लॅटिन भाषेतला. ‘ऑब’ म्हणजे कडे आणि ‘पोर्तुस’ म्हणजे बंदर. गलबताला बंदराकडे नेणारा वारा तो ‘ओपोर्तुनुस’. पुढे सोयीच्या, वेळेवर आलेल्या प्रत्येक गोष्टीला हा शब्द लागू झाला आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला.

शिडाच्या गलबतांच्या काळात वाऱ्याचे मोल काय होते, हे आपल्या कोकणाला सांगायला नको. चौल, दाभोळच्या बंदरांत अरबस्तानाकडून गलबते येत. नैर्ऋत्येचा वारा त्यांना इकडे आणी, हिवाळ्यातला ईशान्येचा वारा परत नेई. वारा चुकला तर महिनोन्महिने मुक्काम! या ठरावीक काळाला अरबी शब्द ‘मौसिम’. आपला ‘मोसम’ त्यातूनच आला आणि पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीतला ‘मान्सून’ही.

आपण बोलतो तो ‘मौका’ही अरबी आहे. त्याच्या मुळाशी ‘पडणे’ हा अर्थ आहे. गंमत अशी की इंग्रजीतला ‘चान्स’ हा शब्दही लॅटिनमधल्या ‘पडणे’ या क्रियापदातून आला. मराठी ‘संधी’ मात्र जोडणारी आहे. दोन गोष्टी जुळतात तो सांधा म्हणजे संधी.

सर्वांत विचार करायला लावणारा शब्द ‘फुरसत’. अरबीत ‘फुर्सा’ म्हणजे संधी. जुन्या अरबी कोशांत त्याचा एक अर्थ पाण्याची पाळी असा दिला आहे. पाणवठ्यावर प्रत्येकाची पाळी ठरलेली असे. आपली पाळी आली की मशक भरून घ्यायची, कारण मागे दुसरा उभा असे. उर्दूत आणि मराठीत येता येता त्याच शब्दाचा अर्थ रिकामा वेळ असा झाला.

हा फरक आम्हाला गेल्या वर्षी महागात पडला. मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. “अब्बा, उत्पन्नाचा दाखला आणायचाय,” असे ती चार वेळा म्हणाली. “फुरसत मिळाली की आणतो, बेटा,” असे आम्ही चारही वेळा म्हणालो. दाखला हातात आला तेव्हा मुदत संपून दोन दिवस झाले होते. ती काही बोलली नाही. कागद घडी करून फाइलमध्ये ठेवला.

यंदा दाखला आम्ही जूनमध्येच काढला आहे. फुरसत मिळेल तेव्हा काम करू, असे आपण म्हणतो. पण फुरसत म्हणजेच पाळी. ती आली की मशक भरून घ्यावी.