उजेडाला आवर घालणारे प्रथिन

बोगद्यातून गाडी भर उन्हात बाहेर पडली की डोळे दिपतात आणि लगेच सावरतात. नेदरलँड्समधल्या काही रुग्णांचे डोळे मात्र असे सावरत नसत. अंधारातून उजेडात आल्यावर काही सेकंद त्यांना जवळजवळ काहीच दिसत नसे. वेगाने येणारा चेंडूही नजरेतून निसटे. कागदावरची स्थिर अक्षरे वाचणे त्या मानाने सोपे जाई. २००४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात या विकाराचे मूळ प्रसिद्ध झाले. तपासलेल्या पाचपैकी चार रुग्णांमध्ये आरजीएस-९ या प्रथिनाचे जनुक सदोष होते, तर पाचव्यात हे प्रथिन जागेवर धरून ठेवणाऱ्या सोबत्याचे. विकाराला नाव मिळाले ब्रॅडिऑप्सिया, म्हणजे मंद दृष्टी.

डोळ्यावर प्रकाश पडला की दृष्टिपटलातल्या पेशींत एक जी-प्रथिन चालू होते. जीटीपी हा रेणू त्याला चिकटलेला असेपर्यंत संदेश जात राहतो. त्या रेणूचा एक फॉस्फेट तुटला की संदेश थांबतो. हे तोडकाम जी-प्रथिन स्वतःच करते, पण फार सावकाश. आरजीएस-९ मदतीला आले, तर तेच काम सेकंदाच्याही आत उरकते.

ही मदत कशी होते, हे १९९७ मध्ये त्याच कुळातल्या आरजीएस-४ च्या स्फटिकरचनेतून उलगडले, आणि ते फार देखणे आहे. आरजीएस स्वतः काहीच तोडत नाही. पाटीवर अक्षर गिरवणाऱ्या मुलाचा हात मोठ्या माणसाने धरावा, तसे ते जी-प्रथिनाचे डळमळणारे भाग नेमक्या स्थितीत धरून ठेवते.

धरणारा हा तुकडा, म्हणजे आरजीएस डोमेन, जेमतेम १२० अमिनो आम्लांचा. त्याचा माग मात्र डोळ्यात लागलेला नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला यीस्टचे काही वाण सापडले होते. जोडीदाराच्या रासायनिक हाकेने थांबलेले त्यांचे विभाजन लवकर पूर्ववत होत नसे. त्यांच्यात एसएसटी-२ हे प्रथिन बिघडलेले होते. पुढे १९९६ मध्ये, अंडी घालण्यात गडबड झालेल्या एका सूक्ष्म कृमीतही तसाच तुकडा असलेले प्रथिन सापडले. माणसात अशी सुमारे वीस प्रथिने आहेत. यीस्ट आणि माणूस यांचे पूर्वज शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झाले, तरी हा तुकडा टिकून आहे.

जी-प्रथिन बंदच झाले नाही तर काय होते, हे कॉलऱ्यात दिसते. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये कोलकात्यात ज्याचे अस्तित्व दाखवले, ते विष आतड्यातल्या एका जी-प्रथिनाची जीटीपी तोडण्याची क्षमताच हिरावून घेते. मग क्षार आणि पाणी आतड्यात वाहत राहते.

मोहरीच्या कुळातल्या अरेबिडॉप्सिस या रोपात तर गंमतच आहे. तिथले जी-प्रथिन कुणी न सांगता आपोआप चालू होते, म्हणून त्याला बंद ठेवण्याची मदार पेशीच्या पडद्यात बसलेल्या आरजीएसवर असते. ग्लुकोज मिळाले की हे प्रथिन पडद्यावरून पेशीच्या आत ओढले जाते, आणि पडद्यापाशी उरलेले जी-प्रथिन मोकळे सुटते.