पडद्यावरचं भूत येतं कुठून?

दोस्तांनो, अशी कल्पना करा. श्रावणातला रविवार आहे. शहापूर तालुक्यातल्या भातसानगरला तुम्ही मामाकडे आला आहात. बाहेर पावसाची झड लागली आहे. धरण बघायला जायचा बेत पाण्यात गेला! पण घरात एक खजिना आहे. मुंबईच्या मावशीने नवा टीव्ही घेतला आणि तिचा जुना, ४२ इंची प्लाझ्मा टीव्ही मामाकडे आला. मग काय, व्हिडिओ गेम जोडला आणि सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत गाड्यांची शर्यत!

तीन वाजता मामा बातम्या लावतो आणि बघतो तर काय, निवेदिकेच्या गालावर तुमच्या गाडीचं वेग दाखवणारं चक्र! पुसट, पण दिसतंय. "बिघडवलास ना टीव्ही!" झालं, ओरडा पक्का.

हे भूत आलं कुठून? आणि ते घालवायचं कसं?

आधी टीव्हीच्या पोटात डोकावू या. (फक्त मनाने हं! मागचं झाकण कधीही उघडायचं नाही. टीव्ही बंद केला तरी आत जोरदार झटका देणारी वीज साठलेली असू शकते.) प्लाझ्माच्या पडद्यात दोन काचांच्या मध्ये अगदी बारीक खण असतात. आडवे १०२४ आणि उभे ७६८ ठिपके असलेल्या पडद्यात प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन खण. गुणाकार करून बघा, साडेतेवीस लाखांहून जास्त होतात! प्रत्येक खणात निऑन आणि झेनॉन वायू असतात. वीज मिळाली की वायूचा प्लाझ्मा होतो आणि त्यातून डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण निघतात. ते खणाच्या आतल्या फॉस्फरच्या लेपावर पडले की लेप चमकतो. तुमच्या घरातली ट्यूबलाइटही जवळपास अशीच पेटते.

गंमत म्हणजे, असा पडदा पहिल्यांदा बनला तो खेळासाठी नाही, तर अभ्यासासाठी! १९६४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी तो तयार केला. संगणकावरून मुलांना शिकवायच्या 'प्लेटो' नावाच्या यंत्रणेसाठी त्यांना तो हवा होता.

आता भुताची गोष्ट. फॉस्फरचा लेप जितका जास्त चमकतो, तितका लवकर थकतो. सगळे खण सारखेच थकले, तर काही कळत नाही. पण वेगाचं चक्र, गुणांची पाटी, कोपऱ्यातला नकाशा तासन्‌तास एकाच जागी झगझगीत राहिले, तर तेवढेच खण जास्त थकतात. गवतात रोज एकाच वाटेने चाललं की पायवाट उमटते ना, तसंच. म्हणजे दोष खेळण्याचा नाही. झगझगीत उजेड आणि न हलणारं चित्र, या जोडगोळीचा आहे. तिला फोडायचं. कसं ते पाहा.

१. रिमोटवरून 'मेनू'मध्ये जा. 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' हा प्रकार दुकानातल्या लखलखाटासाठी असतो. तो बदलून 'सिनेमा' किंवा 'स्टँडर्ड' लावा. 'गेम' प्रकार असेल तर बटण दाबल्यावर पडद्यावर हालचाल लवकर होते. मात्र त्यातही पुढचा आकडा तपासा.

२. 'कॉन्ट्रास्ट' निम्म्यावर आणा. पांढरा भाग किती झगझगेल, हे त्यावर ठरतं. चित्र मंद वाटलं तर आधी खिडकीचा पडदा ओढा, मग हवा तर आकडा थोडा वाढवा. 'ब्राइटनेस'चं काम, नाव काहीही असो, काळोख्या भागाचं आहे. काळा रंग काळाच दिसावा, पण काळ्या कपड्याच्या चुण्याही दिसाव्यात, इतकाच तो ठेवा.

३. चित्र पडदाभर पसरवा. जुन्या गेमच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. तिथले खण आराम करतात आणि मधले राबतात!

४. चित्र अधूनमधून थोडंसं सरकवणारी सोय काही टीव्हींत असते. 'पिक्सेल ऑर्बिटर' किंवा अशाच नावाने ती शोधा आणि चालू ठेवा.

५. गेममध्येच नकाशा, गुण लपवायची किंवा पुसट करायची सोय असेल तर वापरा. जेवायला जाताना गेम नुसता थांबवून ठेवू नका, टीव्हीच बंद करा. तासाभराने पडदाभर हलणारा एखादा सिनेमा लावा.

आणि भूत दिसलंच तर? घाबरू नका. बहुतेक वेळा ती नुसती सावली असते. हलती चित्रं काही तास चालू ठेवली की ती विरून जाते. पण पुष्कळ दिवसांनीही ती गेली नाही, तर समजा, लेप कायमचा थकला. मग कुठल्याही बटणाने तो ताजा होत नाही. दुरुस्तीचा भरवसाही नाही, कारण पॅनासॉनिकने २०१३ मध्ये आणि सॅमसंग, एलजी यांनी २०१४ मध्ये प्लाझ्मा बनवणं बंद करायचं ठरवलं. गेला तो पडदा गेलाच!

तुमच्याकडे प्लाझ्मा नाही? घरात ओएलईडी पडद्याचा टीव्ही किंवा मोबाइल असेल, तर हे सारं लक्षात ठेवा. तिथेही प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि थकतो.

आता आईबाबांना एक गोष्ट सांगा, पण हळूच! बातम्यांच्या वाहिनीची खालची पट्टी आणि कोपऱ्यातलं बोधचिन्हसुद्धा दिवसभर जागचं हलत नाही. त्याचंही भूत होतं. तेव्हा नियम सगळ्यांना सारखाच. आणि हो, प्लाझ्माचं चित्र सौम्य ठेवलं की वीजही कमी लागते. हे ऐकलं, की मामा स्वतःच रिमोट तुमच्या हातात देईल!