'तांत्रिक कारणा'चा पडदा

विमानप्रवास ही आता केवळ धनिकांची चैन राहिलेली नाही. मुलाखतीस निघालेला पदवीधर, परराज्यात बदली झालेला बँकेतील कारकून, आजारी आईकडे धाव घेणारी शिक्षिका असे प्रवासी आज विमानतळावरील रांगांत सर्रास दिसतात. वेळ वाचावा म्हणून काटकसर करून त्यांनी तिकीट काढलेले असते. पण ऐनवेळी उड्डाण रद्द झाले की त्यांच्या पदरी पडते ते एक गुळगुळीत वाक्य : 'तांत्रिक कारणास्तव उड्डाण रद्द करण्यात आले आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'

विमान उशिरा सुटणे हा काही गुन्हा नव्हे. दिल्लीचे धुके किंवा मुंबईचा मुसळधार पाऊस विमान कंपनीच्या आज्ञेत वागत नाही. सदोष इंजिन घेऊन वेळेवर उडण्यापेक्षा जमिनीवर थांबणे केव्हाही शहाणपणाचे. तक्रार विलंबाविषयी नाही; विलंबाचे खरे कारण दडवले जाते, त्याविषयी आहे. आणि असे कारण दडवण्यात कंपनीचा रोख लाभ असतो, ही गोष्ट बहुसंख्य प्रवाशांच्या ध्यानात येत नाही.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१० साली यासंबंधी नियम केले आणि २०१६ साली भरपाईच्या रकमा वाढवल्या. आसन निश्चित असूनही, जादा तिकिटे विकल्यामुळे, प्रवाशाला विमानात घेण्याचे नाकारले आणि तासाभरात दुसऱ्या विमानाची सोय केली नाही, तर कंपनीने भरपाई द्यावयाची असते. चोवीस तासांच्या आत सोय झाल्यास एकेरी मूळ भाडे व इंधन आकार यांच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशीर झाल्यास चौपट, कमाल २०,००० रुपये. वेळेवर पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द केल्यास, उड्डाणाच्या कालावधीप्रमाणे ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये, अथवा एकेरी मूळ भाडे व इंधन आकार, यांतील जी रक्कम कमी असेल ती देय ठरते.

मात्र याच नियमांत एक पळवाट आहे. उड्डाण रद्द होण्याचे कारण कंपनीच्या आवाक्याबाहेरचे, 'असाधारण' स्वरूपाचे असेल, तर भरपाई द्यावी लागत नाही. तत्त्वतः हे योग्यच आहे. वादळाचा दंड कंपनीने का भरावा? पण कारण असाधारण होते की कंपनीच्या गलथानपणातून उद्भवले होते, हे प्रथम ठरवते कोण? तर ती कंपनीच! वैमानिक उपलब्ध होता की नव्हता, विमान कोठे अडकले होते, याच्या नोंदी तिच्याच दप्तरी असतात. आरोपीनेच स्वतःचा पंचनामा लिहावा, असा हा प्रकार आहे. खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या तरुण कर्मचाऱ्यावर संतापून उपयोग नाही. त्याच्या हाती ना माहिती असते, ना अधिकार. शिव्या मात्र त्यालाच खाव्या लागतात.

डिसेंबर २०२५ मधील अनुभव या दृष्टीने बोलका आहे. वैमानिकांच्या विश्रांतीसंबंधीचे सुधारित नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. त्यांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. तरीही इंडिगो या देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची पुरेशी तयारी नव्हती आणि त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिची हजारो उड्डाणे रद्द झाली. कंपनीच्या प्रारंभीच्या निवेदनात मात्र किरकोळ तंत्रबिघाड, हिवाळी वेळापत्रक, हवामान, वाढती गर्दी आणि नवे नियम या साऱ्यांची एकत्र मोट बांधून अडचणी अनपेक्षित असल्याचे सांगितले गेले. जवळजवळ दोन वर्षे आधी जाहीर झालेला नियम अनपेक्षित कसा, हा प्रश्न सामान्य प्रवाशाने कोणाला विचारावा?

परदेशांतही हा झगडा जुनाच आहे. अमेरिकेतील ग्राहक चळवळीचे अध्वर्यू राल्फ नेडर यांना एप्रिल १९७२ मध्ये, निश्चित तिकीट असताना, अ‍ॅलेगेनी एअरलाइन्सच्या विमानात जागा मिळाली नाही; कंपनीने आसनांपेक्षा अधिक तिकिटे विकली होती. नेडर न्यायालयात गेले. १९७६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने, ही प्रथा प्रवाशांपासून लपवल्याबद्दल कंपनीवर फसवणुकीचा दावा चालू शकतो, असा निर्णय दिला. वादाचा गाभा लपवाछपवी हाच होता. युरोपीय न्यायालयाने २००८ साली अलितालिया कंपनीविरुद्धच्या एका प्रकरणात आणखी पुढचे पाऊल टाकले. विमानातील तांत्रिक बिघाड हा या व्यवसायाचा नित्याचा भाग असल्याने, सामान्यतः तो 'असाधारण परिस्थिती' ठरत नाही, असे त्या न्यायालयाने सांगितले.

आपल्याकडेही मार्ग अगदीच बंद नाही. अजमेर-जम्मू एक्सप्रेस चार तास उशिरा पोहोचल्याने एका कुटुंबाचे श्रीनगरचे विमान चुकले. त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये रेल्वेला ३०,००० रुपयांची भरपाई द्यावयास लावली. विलंब अटळ कारणाने झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी रेल्वेची आहे, आणि ती पार पाडली नाही तर भरपाई दिलीच पाहिजे, हे या निकालाचे सूत्र होय. जे सूत्र सरकारी रेल्वेला लागू, ते खासगी विमान कंपनीलाही तितक्याच काटेकोरपणे लागू व्हावयास हवे.

तेव्हा मागणी माफक आहे. उड्डाण रद्द करताना कंपनीने नेमके कारण, वेळ आणि प्रवाशाचा हक्क नमूद केलेला लेखी कागद जागच्या जागी द्यावा. 'तांत्रिक' वा 'कार्यचालनविषयक' यांसारखे मोघम शब्द त्यात ग्राह्य धरू नयेत. दिलेल्या कारणांची महासंचालनालयाने अधूनमधून दप्तर उघडून तपासणी करावी आणि खोटे कारण देणाऱ्यास भरपाईहून जबर दंड करावा. भरपाई अर्जविनंत्यांवाचून प्रवाशाच्या खात्यावर जमा व्हावी. पाच हजार रुपयांसाठी ग्राहक आयोगाचे उंबरठे झिजवण्यास नोकरदार माणसाला सवड नसते, आणि कंपन्यांना हे पुरते ठाऊक असते.

प्रवाशांनीही आपल्याकडून एवढे करावे : तिकीट दलालामार्फत काढले तरी दूरध्वनी क्रमांक स्वतःचाच द्यावा, कारण संपर्काचा तपशील दिलेला नसेल तर भरपाईचा हक्क जातो, आणि विमानतळ सोडण्यापूर्वी रद्द होण्याचे कारण लेखी मागावे. लेखी कारण मागणारे हात वाढले, तर तोंडी थापा मारणे आपोआप महाग पडू लागेल. दिलगिरी फुकट असते, म्हणूनच ती इतक्या उदारपणे वाटली जाते. प्रवाशाला दिलगिरी नको आहे. त्याला खरे कारण आणि हक्काचे पैसे हवे आहेत.