‘आढळला नाही’ म्हणजे ‘नाही’ का?

घरात किल्ली हरवली की आपण विचारतो, ‘सापडली का?’ उत्तर येते, ‘नाही.’ पण शोधणाऱ्याने सगळे घर पालथे घातले, की एक खण उघडून पाहिला? उत्तर दोन्ही वेळा तेच, अर्थ मात्र फार वेगळा. घरात यावरून थोडी कुरबुर होते, एवढेच. मोठ्या संकटात एखादे सरकारी खाते लोकांशी बोलते, तेव्हा हाच फरक महाग पडू शकतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती आणि अकोल्याच्या लोकांनी त्याचा अनुभव घेतला.

२०२१ सुरू झाले तेव्हा देशात कोविडची साथ ओसरत होती. अशा वेळी वऱ्हाडात रुग्ण एकाएकी वाढू लागले. अमरावती जिल्ह्यात आधी शनिवार-रविवारची टाळेबंदी झाली. मग २२ फेब्रुवारीच्या संध्याकाळपासून अमरावती आणि अचलपूर शहरांत आठवडाभराची टाळेबंदी लागली. अकोल्यासह विभागातील इतर जिल्ह्यांतही निर्बंध आले. सगळीकडे ओसरणारी साथ इथेच का वाढते, हा प्रश्न साहजिक होता. ब्रिटन, दक्षिण आफ्रिका आणि ब्राझील येथे विषाणूचे नवे प्रकार आढळल्याच्या बातम्या तेव्हा ताज्या होत्या. त्यांतलाच एखादा इथे पोचला की काय?

राज्याच्या आरोग्य विभागाने १९ फेब्रुवारीला खुलासा केला : अमरावती-यवतमाळच्या तपासलेल्या नमुन्यांत हे परदेशी प्रकार आढळले नाहीत. वाक्य खरे होते. पण लोकांच्या मनात एक नव्हे, तीन प्रश्न होते. परदेशी प्रकार आला आहे का? विषाणूत इथल्या इथे काही बदल झाला आहे का? आणि रुग्णवाढ त्या बदलामुळे आहे का? खुलाशाने उत्तर दिले फक्त पहिल्याचे. ऐकणाऱ्यांनी ते तिन्हींचे समजले. ‘नवा विषाणू वगैरे काही नाही’ असा त्याचा सारांश तोंडोतोंडी झाला.

आता तपासणीची बाजू पाहू. नाकातल्या स्रावाच्या नेहमीच्या चाचणीत विषाणू आहे की नाही एवढेच कळते. तो कोणत्या प्रकारचा, हे कळायला त्याच्या जनुकीय मजकुराची सुमारे ३० हजार अक्षरे क्रमाने वाचावी लागतात. हे काम वेळखाऊ असते. यासाठी देशातील दहा प्रयोगशाळांची साखळी डिसेंबर २०२० मध्येच उभी राहिली होती. साहजिकच सुरुवातीला वाचून झालेले नमुने थोडे होते.

थोड्या नमुन्यांवरून काय म्हणता येते, हे वर्गात सहज दाखवता येईल. शंभर चिंचोके घ्या. त्यांतल्या २० वर रंगाचा ठिपका द्या (रंग पातळ असावा, बोटांना कळता कामा नये). सगळे पिशवीत घालून हलवा. मुलाने न पाहता एक काढायचा, नोंद करायची, परत टाकायचा. असे चार वेळा. चारही वेळा बिनठिपक्याचा चिंचोका निघण्याची शक्यता ०.८ × ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे सुमारे ०.४१. चाळीस मुलांच्या वर्गात सोळा-सतरा मुले तरी ‘ठिपका आढळला नाही’ असे सांगतील, आणि प्रत्येकाचे म्हणणे खरे असेल! पिशवीत मात्र दर पाचांत एक ठिपकेवाला आहेच. चारऐवजी वीस वेळा काढले, तर ही शक्यता एका टक्क्याच्या आसपास येते. तेव्हा किती वेळा हात घातला, हे न सांगता ‘आढळला नाही’ म्हणणे अर्धेच सांगणे आहे.

प्रत्यक्षात पुढे काय झाले? २३ फेब्रुवारीला केंद्राच्या तज्ज्ञांनी सांगितले, की महाराष्ट्रासह काही राज्यांत विषाणूतील बदल आढळले आहेत, पण रुग्णवाढ त्यांच्यामुळे आहे असे मानायला आधार नाही. २४ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले, की महाराष्ट्रातील सुमारे १५ ते २० टक्के नमुन्यांत दोन विशिष्ट बदल एकत्र दिसतात. वृत्तपत्रांनी त्याला ‘दुहेरी उत्परिवर्ती’ म्हटले. ऐकणाऱ्याला ते ‘दुप्पट घातक’ असे वाटले. (वास्तविक त्याच्या काटेरी प्रथिनातच आणखी एक महत्त्वाचा बदल होता, ‘दुहेरी’ हा शब्द मोजणीलाही धरून नव्हता.) याच कुळातील दोन शाखांना ३१ मे २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कप्पा आणि डेल्टा ही नावे दिली. कोणा गावाचे वा देशाचे नाव रोगाला चिकटू नये, हाही ग्रीक अक्षरे निवडण्यामागचा हेतू होता.

म्हणजे फेब्रुवारीत खाते खोटे बोलले का? नाही. माझ्या मते चूक वाक्यात नव्हती, वाक्य जिथे थांबले तिथे होती. ते असे पुढे नेता आले असते : ‘आतापर्यंत इतके नमुने वाचून झाले. त्यांत परदेशी प्रकार नाहीत. नमुने थोडे आहेत, म्हणून नवा प्रकार इथे नाहीच, असे आज म्हणता येत नाही. आणखी नमुने पाठवले आहेत. पुढची माहिती अमुक तारखेला देऊ. प्रकार कोणताही असो, मुखपट्टी, मोकळी हवा आणि ताप येताच तपासणी, यांत फरक पडत नाही.’

‘असे सांगितले तर लोक घाबरतील’ ही अधिकाऱ्यांची नेहमीची शंका. ब्रिटनमध्ये गाईंच्या मेंदूचा रोग पसरला, तेव्हा मे १९९० मध्ये तिथल्या कृषिमंत्र्यांनी कॅमेऱ्यांसमोर आपल्या चार वर्षांच्या मुलीला गोमांसाचा बर्गर देऊ केला. २० मार्च १९९६ रोजी सरकारलाच सांगावे लागले, की माणसांतील एका नव्या मेंदूविकाराचा या रोगाशी संबंध असण्याची दाट शक्यता आहे. २००० साली चौकशी अहवालाने आधीच्या त्या आश्वासनांच्या मोहिमेला चूक ठरवले. लोकांना धोक्याइतकाच राग आला तो आधीच्या छातीठोकपणाचा.

यात व्हॉट्सअ‍ॅपची भर पडते. संदेश पुढे जाताना त्यातला ‘तपासलेल्या नमुन्यांत’ हा भाग आधी गळतो आणि तारीख तर जवळजवळ नेहमीच. फिरलेला संदेश किती जणांना पुढे पाठवता यावा यावर कंपनीने २०१८ मध्ये भारतात पाचाची मर्यादा घातली. वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी एप्रिल २०२० मध्ये ती एकावर आणली. त्याने वेग कमी होतो, गळलेले शब्द परत येत नाहीत. म्हणून खुलासा लिहिताना तारीख आणि आकडा पहिल्याच वाक्यात गुंफावा, वेगळा काढता येऊ नये असा.

शाळा हीसुद्धा एक संस्थाच आहे. पोषण आहारातील खिचडी खाऊन काही मुलांना उलट्या झाल्या, तर तासाभरात पालकांच्या गटावर काहीबाही फिरू लागते. मुख्याध्यापकांनी ‘चिंतेचे कारण नाही’ एवढेच लिहिले, तर पालक शाळेच्या दारात येतात. त्याऐवजी दुपारी दोनपर्यंत किती मुलांना त्रास झाला, ती कोणत्या दवाखान्यात आहेत, अन्नाचा नमुना राखून कोणाकडे पाठवला, कारण अजून कळलेले नाही, आणि पुढची सूचना पाच वाजता येईल, एवढे लिहावे. मग पाच वाजता, नवे काही कळले नसले तरी, ती सूचना पाठवावी.