रुळांच्या वाटेत आलेली पाच घरं

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याची राजधानी स्प्रिंगफील्ड हे अब्राहम लिंकन यांचं गाव. 11 फेब्रुवारी 1861 रोजी राष्ट्राध्यक्षपद स्वीकारायला ते निघाले, ते इथल्या टेन्थ स्ट्रीटवरच्या स्थानकातून. 1865च्या मे महिन्यात त्यांचं पार्थिव गावी आलं, तेही आगगाडीनंच. पण थर्ड स्ट्रीटच्या रुळांवरून. पुढं दीड शतकानंतर याच शहरानं ठरवलं, की थर्ड स्ट्रीटवरच्या गाड्या उचलून टेन्थ स्ट्रीटवर न्यायच्या.

कारण साधं आहे. भरवस्तीतून तीन लोहमार्ग जवळपास समांतर जातात आणि रस्ते त्यांना जागोजागी त्याच पातळीवर ओलांडतात. म्हणजे फाटकं आली, खोळंबा आला, अपघाताची भीती आली. फाटकाजवळ येताना गाडीनं 15 ते 20 सेकंद भोंगा वाजवायचा, आणि तोही किमान 96 डेसिबलचा, असा तिथला संघराज्याचा नियम आहे. त्यात शिकागो ते सेंट लुईस मार्गावर प्रवासी गाड्या ताशी सुमारे 177 किलोमीटर वेगानं धावाव्यात, अशी योजना आली. शहरात इतक्या वेगानं गाड्या धावणार नसल्या, तरी त्यांची वर्दळ वाढणार होती. मग दोन मार्गांच्या गाड्या एकाच पट्ट्यात आणायच्या आणि तिथं भुयारी मार्ग व पूल बांधून रस्ता आणि रूळ यांची पातळीच वेगळी करायची, असा आराखडा तयार झाला.

इथून पुढची गोष्ट मला विलक्षण वाटते. सरकारी पैशातून एवढं मोठं काम करायचं, तर अमेरिकेत 1 जानेवारी 1970 पासून एक कायदा आडवा येतो: राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा. तो ‘हे करू नका’ असं म्हणत नाही. ‘करण्याआधी नीट पाहा, आणि जे दिसेल ते लोकांपुढे मांडा’ एवढंच सांगतो. प्रकल्प कशासाठी, पर्याय कोणते, हे लिहून काढावं लागतं. त्यात ‘काहीच केलं नाही तर काय होईल’ हा पर्यायही मांडावाच लागतो. गाड्यांचा आवाज किती घरांत शिरेल? कंपनं किती जाणवतील? भुयारी मार्गात साचणारं पावसाचं पाणी कुठं जाईल? कुणाची घरं जातील? अहवालाचा मसुदा जाहीर होतो, जनसुनावण्या होतात, आणि आलेल्या हरकतींना उत्तरं द्यावी लागतात.

स्प्रिंगफील्डमध्ये यातला एक प्रश्न फार खोल होता. टेन्थ स्ट्रीटचे रूळ म्हणजे शहराचा मध्यभाग आणि पूर्वेकडचा भाग यांच्यामधली रेघ. पूर्वेकडं कृष्णवर्णीयांची वस्ती मोठी. थर्ड स्ट्रीटला मोकळा श्वास मिळणार, तर त्याचा भार कुणावर पडणार? भुयारी मार्गांना इथं महत्त्व आलं ते यामुळंच. गाड्या वाढल्या तरी पूर्वेकडच्या माणसाला फाटकाशी ताटकळायला लागू नये.

आता जमिनीकडं वळू. 1966च्या ऐतिहासिक वारसा जतन कायद्यानुसार, सरकारी पैशातून होणाऱ्या कामानं कुठला वारसा धोक्यात येतो का, हेही तपासावं लागतं. त्यासाठी 2014 मध्ये पुरातत्त्वज्ञांनी मॅडिसन स्ट्रीटजवळ, रुळांच्या नियोजित वाटेवर खणून पाहिलं. मातीखाली पाच घरांचे विटांचे पाये निघाले, घरगुती वस्तू निघाल्या आणि आगीच्या खुणाही.

ती आग 1908च्या ऑगस्टमधली होती. तुरुंगातले दोन कृष्णवर्णीय कैदी आपल्या ताब्यात द्या, म्हणून गोऱ्यांचा जमाव जमला. शेरीफनं त्या दोघांना गुपचूप आगगाडीनं शहराबाहेर काढलं. चवताळलेला जमाव मग कृष्णवर्णीयांच्या वस्तीवर तुटून पडला. घरं पेटवली. स्कॉट बर्टन आणि विल्यम डॉनेगन या दोघांचा झुंडीनं बळी घेतला. लिंकन यांच्या गावात हे घडलं, याचा धक्का देशभर बसला. त्यातूनच 12 फेब्रुवारी 1909 रोजी, लिंकन यांच्या जन्मशताब्दीदिनी, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी एनएएसीपी ही संघटना उभी राहिली. ज्या घटनेतून एवढी मोठी चळवळ जन्मली, तिच्या जळक्या खुणा शतकभर शहराच्या पायाखाली होत्या.

पुढं कायद्यानं आणखी एक गोष्ट घडवली. सापडलेल्या खुणांची नुसती नोंद करून पुढं जाता येत नव्हतं. रेल्वेची यंत्रणा, वारसा जतनाचे अधिकारी आणि स्थानिक रहिवासी यांना एकत्र बसावंच लागलं. काय उकरून जपायचं, काय मातीतच राहू द्यायचं, स्मारक कसं असावं, यावर वर्षानुवर्षं चर्चा झाली. 16 ऑगस्ट 2024 रोजी राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी या जागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला.

अशा तपासण्यांमुळं कामं रखडतात, ही तक्रार जुनी आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. वेळ जातो, पैसा जातो. पण स्प्रिंगफील्डमध्ये या घरांचा शोध घ्यायला कुणी मुद्दाम निघालं नव्हतं. खणण्याआधी विचारलंच पाहिजे, अशी सक्ती होती म्हणून विचारलं गेलं, आणि मातीनं उत्तर दिलं. ती सक्ती नसती, तर यंत्रांनी ते पाये एका दिवसात उखडून टाकले असते आणि काय गेलं हे शहराला कधी कळलंही नसतं. शहराची वाट बदलण्याचा अधिकार ज्यांच्या हाती असतो, त्यांच्यावर असं पाहण्याचं बंधन हवंच. काय सापडेल हे आधी ठाऊक नसतं, म्हणून तर ते हवं.