पदवीस्तरावरील संशोधन-मार्गदर्शकांचा गौरव : म्हसळा परिसराच्या संदर्भात एक विचार

सारांश : पदवीस्तरावर विद्यार्थ्यांनी संशोधन करावे, ही अपेक्षा आता शैक्षणिक धोरणाचा भाग झाली आहे. परंतु हे संशोधन ज्यांच्या मार्गदर्शनाखाली घडते, त्या शिक्षकांच्या कार्याची नोंद घेण्याची व्यवस्था अपुरी आहे. प्रस्तुत लेखात या कार्याचे स्वरूप, त्याची सद्यःस्थिती व गौरवाचे निकष यांचा विचार रायगड जिल्ह्यातील म्हसळा परिसर डोळ्यांसमोर ठेवून केला आहे.

बीजशब्द : पदवीस्तर, संशोधन, मार्गदर्शक, आविष्कार, ग्रामीण महाविद्यालय.

प्रस्तावना

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. त्याचे कार्यक्षेत्र मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले आहे. या विस्तीर्ण क्षेत्रात महानगरातील सुसज्ज प्रयोगशाळा असलेली महाविद्यालये आहेत, तशीच तालुक्याच्या गावातील मोजक्या शिक्षकांवर चालणारी महाविद्यालयेही आहेत. म्हसळा हा रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागातील खाडीकाठचा, डोंगराळ तालुका होय. येथील कुटुंबांतून मुंबईस व आखाती देशांत नोकरीसाठी जाण्याची परंपरा जुनी आहे. अशा ठिकाणी पदवीचे शिक्षण घेणारा विद्यार्थी अनेकदा आपल्या घरातील पहिला पदवीधर असतो. 'संशोधन' हा शब्द त्याला प्रथम भेटतो तो एखाद्या शिक्षकाच्या तोंडून. म्हणूनच त्या शिक्षकाचे स्थान काय व त्याच्या कार्याची दखल कशी घ्यावी, हा प्रश्न केवळ औपचारिक सन्मानाचा राहत नाही.

पदवीस्तरावरील संशोधन : संकल्पना व वाटचाल

पदवीच्या विद्यार्थ्याला संशोधनात प्रत्यक्ष सहभागी करून घेण्याचा संघटित प्रयत्न अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९६९ साली सुरू झाला. पुढे १९७८ मध्ये या विषयासाठी तेथे स्वतंत्र परिषद स्थापन झाली. विज्ञान, गणित व अभियांत्रिकी या क्षेत्रांतील उत्तम मार्गदर्शकांसाठी १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या नावाने पुरस्कार देण्यास प्रारंभ झाला. विद्यार्थ्याच्या यशाबरोबर मार्गदर्शनाचे स्वतंत्र मूल्य मानण्याची ही पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे.

आपल्याकडे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ साली पदवीच्या विज्ञान विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय उपक्रम सुरू केला. महाराष्ट्रात कुलपती कार्यालयाच्या पुढाकाराने २००६ मध्ये 'आविष्कार' हा आंतरविद्यापीठीय संशोधन महोत्सव सुरू झाला. मानव्यविद्या, वाणिज्य, मूलभूत विज्ञान, कृषी, अभियांत्रिकी, औषधनिर्माण आदी शाखांतील विद्यार्थी त्यात भित्तिपत्रकाद्वारे व तोंडी सादरीकरणाद्वारे आपले संशोधन मांडतात. ग्रामीण महाविद्यालयांच्या दृष्टीने 'आविष्कार'चे महत्त्व विशेष आहे, कारण येथे लहान गावातील विद्यार्थ्याचा विषय महानगरातील विद्यार्थ्याच्या विषयाशेजारी मांडला जातो. तथापि तेथे परीक्षण होते ते प्रकल्पाचे व सादरीकरणाचे. त्यामागील महिनोन्‌महिन्यांचे मार्गदर्शन परीक्षकांना दिसत नाही.

म्हसळा परिसर : एक खुली प्रयोगशाळा

साधनांच्या अभावी ग्रामीण महाविद्यालयात संशोधन होऊ शकत नाही, असा समज रूढ आहे. म्हसळा परिसराचे उदाहरण घेतल्यास तो पूर्णतः खरा ठरत नाही. तालुक्यातील चिरगाव परिसर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या वसतिस्थानासाठी ओळखला जातो. पशुवैद्यकीय वापरातील डायक्लोफिनॅक या औषधामुळे गिधाडांची संख्या देशभर झपाट्याने घटली आणि २००६ साली त्या वापरावर बंदी आली. घरट्यांची नियमित नोंद, मृत जनावरांची गावोगावची विल्हेवाट, पशुपालकांचा औषधवापर हे सर्व विषय पदवीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातील आहेत.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर किनाऱ्याजवळ धडकले व सुपारी-नारळाच्या बागा उन्मळून पडल्या. सुपारीचे झाड फळावर येण्यास अनेक वर्षे लागतात. त्यामुळे पुनर्लागवड, कर्ज व स्थलांतर यांचा अभ्यास अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास गावातच करता येतो. हा भाग १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता. त्या काळातील घरगुती कागदपत्रे, कोकणी मुस्लिम समाजाची बोली, खाडीतील मासेमारीचे बदलते स्वरूप हेही अभ्यासविषय आहेत.

मात्र विषय समोर असणे आणि त्यातून संशोधनाचा प्रश्न तयार होणे यांत अंतर आहे. 'गिधाडांचा अभ्यास' हा विषय झाला. 'एका हंगामात अमुक झाडांवरील किती घरट्यांतून पिल्ले उडाली' हा प्रश्न झाला. विद्यार्थ्याला विषयाकडून प्रश्नाकडे नेणे हे मार्गदर्शकाचे पहिले काम होय.

उत्तम मार्गदर्शक कोणास म्हणावे?

पदवीस्तरावरील मार्गदर्शन हे पीएच.डी.च्या मार्गदर्शनाची लहान आवृत्ती नव्हे. पीएच.डी.चा विद्यार्थी विषयाची तयारी करून येतो, तर पदवीच्या विद्यार्थ्याला नोंदवही कशी ठेवावी येथपासून शिकवावे लागते. यादृष्टीने उत्तम मार्गदर्शकाची पुढील लक्षणे सांगता येतील.

१) तो प्रश्न विद्यार्थ्याचा राहू देतो, स्वतःच्या संशोधनासाठी त्यास केवळ माहिती गोळा करणारा मदतनीस बनवीत नाही.
२) तो चुकांना वाव देतो. प्रश्नावली फसली अथवा निरीक्षणे अपुरी पडली, तरी ती बदलून लिहू न देता अपयशाची प्रामाणिक नोंद करावयास लावतो.
३) तो लेखन तपासतो, परंतु स्वतः लिहून देत नाही.
४) तो केवळ गुणवत्ता यादीतील विद्यार्थी निवडत नाही, बुजऱ्या, घरकामात वा रोजगारात गुंतलेल्या विद्यार्थ्यांनाही सामावून घेतो. क्षेत्रभेटीसाठी मुलीला घरून परवानगी मिळावी म्हणून पालकांशी बोलणे हेही अशा ठिकाणी मार्गदर्शनाचाच भाग ठरते.
५) तो विद्यार्थ्याच्या श्रमाचे श्रेय लेखनात व प्रकाशनात स्पष्टपणे देतो.

मूल्यमापनातील उणीव

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत शिक्षकाच्या संशोधनगुणांत पीएच.डी. पदवीप्राप्त विद्यार्थ्यामागे १० गुण आणि एम.फिल. किंवा पदव्युत्तर प्रबंधिकेमागे २ गुण ठेवण्यात आले. पदवीस्तरावरील प्रकल्पास या तक्त्यात स्वतंत्र स्थान नव्हते. ज्या महाविद्यालयात पदव्युत्तर विभाग किंवा संशोधन केंद्र नाही, तेथील शिक्षकाने वर्षानुवर्षे प्रकल्प करवून घेतले तरी त्या शीर्षाखाली त्याची पाटी कोरीच राहते. परिणामी हे काम शिक्षकाच्या आवडीवर व सदिच्छेवर सोपविले गेले. सदिच्छेवर चाललेले काम त्या शिक्षकाची बदली वा निवृत्ती होताच थांबते, हा त्यातील खरा धोका आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर हा प्रश्न अधिक तातडीचा झाला आहे. नव्या आराखड्यात क्षेत्रीय प्रकल्प व समाजसंलग्न उपक्रम यांना श्रेयांक आहेत. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यास चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांच्या संशोधनासह ऑनर्स पदवी घेता येते. मात्र असा अभ्यासक्रम चालविणाऱ्या विभागात पीएच.डी. मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले किमान दोन कायम शिक्षक असावेत, अशी अपेक्षा आहे. लहान महाविद्यालयातील अनेक विभागांत एकूण शिक्षकच दोन किंवा तीन असतात. अशा स्थितीत म्हसळ्यातील गुणवान विद्यार्थ्यापुढे दोनच मार्ग उरू शकतात : चौथ्या वर्षासाठी गाव सोडणे अथवा तीन वर्षांवर थांबणे. पहिल्या तीन वर्षांतील मार्गदर्शनास मान मिळाला, तरच तेथील शिक्षक पुढील पात्रता मिळविण्यास प्रवृत्त होतील.

गौरवाची पद्धत : काही सूचना

पुरस्कारासाठी शिक्षकानेच अर्ज करावा व जाड संचिका जोडावी, ही प्रचलित पद्धत या कार्यास अनुरूप नाही. शिफारस विद्यार्थ्यांकडून, विशेषतः महाविद्यालय सोडून काही वर्षे झालेल्या माजी विद्यार्थ्यांकडून यावी. त्यांच्यावर गुणांचे दडपण नसते, तसेच मिळालेल्या शिकवणीचा उपयोग त्यांना कळलेला असतो.

दुसरे असे की, पदकांची संख्या हा एकमेव निकष नसावा. तो ठेवल्यास शिक्षक जिंकणारेच विषय व विद्यार्थी निवडतील. विद्यार्थ्याची नोंदवही, आराखड्याचे बदलत गेलेले मसुदे व तोंडी चर्चा यांवरून मार्गदर्शनाचा दर्जा समजतो. किमान तीन ते पाच वर्षांचे सातत्य पाहिले जावे. संशोधन केंद्र नसलेल्या महाविद्यालयांसाठी स्वतंत्र गट असावा, अन्यथा साधनसंपन्नतेचाच गौरव होईल.

तिसरे, गौरव केवळ शाल, श्रीफळ व मानपत्र यांपुरता मर्यादित नसावा. मार्गदर्शनाचे तास कार्यभारात धरणे, क्षेत्रभेटीच्या प्रवासखर्चाची तरतूद करणे, जवळच्या सुसज्ज संस्थेतील उपकरणे वापरण्याची सोय करून देणे हे अधिक उपयुक्त ठरेल. म्हसळ्याच्या दृष्टीने माणगाव तालुक्यातील लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी असे सहकार्य विचारात घेता येईल.

या सूचनांवर एक आक्षेप संभवतो. मार्गदर्शन हे शिक्षकाचे कर्तव्यच असताना त्याचा वेगळा गौरव कशासाठी? आक्षेपात तथ्य आहे. परंतु जे कर्तव्य कार्यभारात, पदोन्नतीत व अहवालात कोठेही मोजले जात नाही, ते कालांतराने ऐच्छिक बनते. गौरवाचा हेतू व्यक्तिपूजा नसून त्या कर्तव्यास दृश्य स्वरूप देणे हा आहे.

समारोप

पदवीस्तरावरील प्रत्येक प्रकल्पातून नवे ज्ञान निर्माण होईलच, असे नाही. परंतु ऐकीव गोष्ट पडताळून पाहावी, मोजावी व जे आढळले तेवढेच लिहावे, ही सवय त्यातून लागते. म्हसळ्यातील विद्यार्थी पुढे शिक्षक होवो, बागायतदार होवो वा परदेशी नोकरीस जावो, ही सवय त्याच्याबरोबर राहते. ती लावणाऱ्या शिक्षकाचे नाव प्रकल्पाच्या मुखपृष्ठावर तळाशी छापलेले असते. विद्यापीठाने आपल्या मूल्यमापनातही त्या नावास स्थान देणे, हे ग्रामीण उच्च शिक्षणाच्या दृष्टीने अगत्याचे आहे.