कोंबडी शिजली, हे कशावरून ओळखावे?

मंडळी, थंडी पडली, वालाच्या शेंगा भरल्या, की आपल्या रायगड जिल्ह्यात पोपटीचे बेत ठरू लागतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, मीठ, ओवा, अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी भरायची, तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा, मडके पालथे घालून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. मडक्यावर पाणी शिंपडले आणि चर्र झाले, की पोपटी झाली, असे जाणती माणसे सांगतात. पण त्या आवाजावरून मडके किती तापले एवढेच कळते. आतल्या तंगडीच्या हाडाजवळ काय चालले आहे, ते कसे कळावे?

शेंग कच्ची राहिली तर दाताला कळते. कोंबडीचे तसे नाही. कच्च्या कोंबडीत साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्यांनी जुलाब, उलट्या, ताप सुरू होतो. लहान मुले आणि म्हातारी माणसे यांच्या तर ते जिवावर बेतू शकते. मांसाच्या रंगावरही भरवसा ठेवू नये. पुरत्या शिजलेल्या मांसातही हाडाशी लाली राहते, आणि पांढरे दिसणारे मांस पुरेसे तापलेले असेलच असे नाही.

२००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्ल्यू निघाला. मांस आतपर्यंत ७० अंश सेल्सिअस तापले, की हा विषाणू मरतो. साल्मोनेलाचाही विचार करून घरात ७४ अंशांचा नियम पाळावा. हे अंश मोजायला मांसाचा थर्मामीटर लागतो.

तापाचा थर्मामीटर येथे उपयोगाचा नाही. तो ४२ अंशांच्या आसपास संपतो, आणि काचेचा असला तर फुटून पारा अन्नात जाईल. धातूची टोकदार सळई असलेला घ्या. आकडे दाखवणारा डिजिटल असेल तर त्याला टोकाशीच उष्णता कळते, म्हणून लहान तुकड्यालाही तो चालतो. तबकडीवर काटा फिरणाऱ्याची सळई दोन-अडीच इंच आत जावी लागते. लांबून रोखायचे पिस्तुलासारखे यंत्र फक्त वरची उष्णता सांगते, ते नको.

नवा थर्मामीटर आधी पारखून घ्या. गुरुजी, हा प्रयोग वर्गात करण्याजोगा आहे. पेलाभर चुरलेल्या बर्फात थोडे पाणी घालून ढवळा. काटा ० वर आला पाहिजे. उकळत्या पाण्यात पोलादपुरास तो १०० च्या जवळ जाईल. आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेलात, तर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळेल, कारण उंचावर हवेचा दाब कमी असतो. मुलांना हे जरूर सांगा.

आता वापर. मडके उघडले, की सर्वांत मोठा तुकडा निवडा. जाड भागाच्या मध्यावर सळई खुपसा. टोक हाडाला लागू देऊ नका, नाहीतर आकडा चुकतो. आकडा स्थिर होऊ द्या. दोन-तीन तुकडे तपासा. ७४ भरले, तर वाढा. कमी भरले, तर कोंबडी झाकणाच्या पातेल्यात घालून पुन्हा चुलीवर ठेवा. सळई प्रत्येक वेळी साबणाने, गरम पाण्याने धुवा. नाहीतर कच्च्यातले जंतू शिजलेल्यात जातील.

रश्श्यात बराच वेळ खळखळ उकळलेल्या लहान तुकड्यांना हा खटाटोप नको. पण पोपटी किंवा अख्खी भाजलेली कोंबडी असली, तर मुलांच्या पानात वाढण्यापूर्वी आतली उष्णता एकदा जरूर पाहा.